एकवीस धरा

“खाट इथं,” सुलोचनाकाकी म्हणाल्या आणि कापडावर माप आखायच्या निळ्या खडूनं त्यांनी फरशीवर एक लांबट चौकोन काढला. “उशाला मशीन, पायथ्याला मी. आता तू सांग अनंता, तुझी बटणं कुठं यायची ती.”

मी टेप घेऊन भिंतीशी बसलो. नदाफमामा स्टुलावर उभे राहून छताखालची जुनी लाकडी पट्टी स्क्रूड्रायव्हरनं टोकरत होते. पट्टीतून भुसा गळत होता. काकींचा मुलगा हेमंत दारात उभा होता. पुण्याला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो नोकरीला होता. आदल्या दिवशीच आला होता.

“मामा, वायर काय म्हणतीय?” मी विचारलं.

“काय म्हणणार? हात लावला की पापडागत मोडतीय,” मामा वरून म्हणाले. “रामाच्या भरवशावर चाललंय हे घर.”

“ते तर खरंच आहे,” काकी म्हणाल्या. “समोरच तर बसलाय.”

तासगावातल्या शिंपी गल्लीत भास्करतात्या खटावकरांचं घर होतं. पुढच्या खोलीत एके काळी दुकान, मागं स्वयंपाकघर, वर एक खोली. पुढच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं की बोळापलीकडे रामाचं देऊळ. मधलं अंतर एवढंच की देवळातला पुजारी शिंकला तरी काकी इथून “शतायुषी” म्हणायच्या.

माझी पहिली फुलपँट तात्यांनी शिवली. त्यांचं एक होतं, कापड घेतलं की म्हणायचे, “उद्या ये.” आणि त्यांचं उद्या म्हणजे चार दिवस, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कुणी चिडत नसे. पण रामनवमीचा उत्सव आला की त्याच माणसाला घड्याळ कळायचं. पाडव्यापासून नवमीपर्यंत रोज संध्याकाळी, आणि नवमीला सकाळी दहाला, तात्या पेटी पुसून बुवांच्या डाव्या हाताला बसलेले असायचे. एकेचाळीस वर्षं. बुवा बदलले, तबलजी बदलले, पेटीवर तात्याच. बुवांचा सूर चढायच्या आत यांची पट्टी चढलेली असे. आम्ही कीर्तनवेडी माणसं तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसायचो. एखादं पद रंगलं की तात्या मान न वळवता नुसता भुवईनं आमच्याकडे बघायचे. ते बघणं मिळालं की आमचं वर्ष सार्थकी लागायचं.

ते तात्या गेला महिनाभर मिरजेला दवाखान्यात होते. फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी हेमंतला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधाचं काम आता संपलं, फक्त प्राणवायू चालू ठेवायचा. घरी न्यायचं तर न्या. मात्र प्राणवायूचं मशीन घटकाभरही बंद पडता कामा नये.

आणि या घरात संध्याकाळी दिवे लागले की विजेचा दाब दोनशे तीसवरून दीडशेवर यायचा. ट्यूब पेटायला दहा मिनिटं घ्यायची. त्यात भारनियमनाचे दिवस.

“बाबांचं एकच म्हणणं आहे,” हेमंत म्हणाला. “नवमीचं कीर्तन घरात पडून ऐकायचं. पेटी वाजवणं होणार नाही हे त्यांना कळतं. पण ऐकायचं म्हणतात.”

“आज वद्य नवमी,” काकी म्हणाल्या. “आजपासून पंधरावा दिवस.”

मी बाहेर येऊन खांब बघितला. खांबावरून घरापर्यंत येणारी तार बोटभर जाडीचीसुद्धा नव्हती, मधे दोन ठिकाणी सांधे, त्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. दाराशी मीटर, त्याखाली चिनी मातीचे दोन फ्यूज. एकच फेज. तो फेज पडला की घर अंधारात. मला काय करायचं ते एका नजरेत दिसलं. खांबापासून नवी चार तारांची केबल घ्यायची, तीन फेजचं मीटर बसवायचं, एक फेज गेला की मशीन दुसऱ्यावर टाकता येईल असा खटका लावायचा. मागच्या अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचे दोन खड्डे. या खोलीची आणि स्वयंपाकघराची सगळी वायर नवी. शिवाय इन्व्हर्टर.

आत येऊन मी वहीत मांडायला बसलो. आमच्या धंद्यात सगळं ‘धरायचं’ असतं. केबल तीस मीटर धरा. पाइप वीस नग धरा. मजुरी दोन माणसांची धरा. जे हातात नाही ते आधी धरायचं, मग काम सुरू करायचं. मी वाचत गेलो तसा हेमंत मोबाइलवर टिपत गेला. खर्चाचा आकडा ऐकून त्यानं नुसती मान हलवली.

“आणि दिवस?”

“तुमचं काम, मग वीज कंपनीत अर्ज, वाढीव भाराची मंजुरी, टेस्ट रिपोर्ट, त्यांचा माणूस येऊन बघणार, मग मीटर.” मी वही मिटली. “एकवीस दिवस धरा.”

काकी बोटांच्या पेरांवर मोजायला लागल्या. तिसऱ्या बोटावर थांबल्या.

“म्हणजे नवमी हुकली,” त्या म्हणाल्या.

मी हेमंतकडे बघत थांबलो. मामाही स्टुलावर थांबले.

“एकवीस म्हणजे एकवीस ना, काका?” हेमंतनं विचारलं. “मला पुढचं सगळं त्यावर ठरवायचंय.”

“एकवीस म्हणजे एकवीस,” मी म्हणालो. “बाविसावा दिवस उजाडणार नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

काकी त्याच्याकडे बघत होत्या. एरवी मेथीच्या जुडीचा भाव घासत भाजीवालीला कोपऱ्यापर्यंत सोबत करणारी बाई. पण विजेतलं आपल्याला काय कळतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांनी खडू कपाटात ठेवून दिला आणि चहा टाकायला आत गेल्या.

*

स्कूटरला किक मारली तरी मामा मागं बसेनात.

“एकवीस?” ते म्हणाले.

“हं.”

“माझ्या हिशेबानं बारा.”

“माझ्याही.”

“मग?”

“मग काय? तुम्हीच शिकवलंय की.”

ते खरं होतं. मी परवाना काढून पहिलं काम घेतलं तेव्हा दस्तगीर नदाफ नावाचा हा माणूस माझ्याबरोबर आला. खांबावर चढण्यात तासगाव-पलूस पट्ट्यात त्याच्या हाताचा दुसरा नव्हता. त्यानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “खर्चात वर लावलास तर गिऱ्हाईक चोर म्हणंल. दिवसांत वर लाव. दिवस कुणाच्या खिशातनं जात न्हाईत. सात लागणार असले तर बारा सांग. गिऱ्हाईक म्हणंल, बारा लई होतात. तू म्हण, बघतो, नवात देतो. आणि आठव्या दिवशी दिवा लाव. जल्मभर नाव काढंल.” आम्ही त्या दिवसांना वरचे दिवस म्हणायचो. वरचे दिवस लावले नाहीत असं एकही काम मी कधी केलं नव्हतं. आणि ज्यानं ते घासून घासून खाली आणले नाहीत असं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं.

“त्यो घासंल असं वाटलं तुला,” मामा म्हणाले.

“वाटलं. पंधरावा दिवस म्हणून सांगत होते ना सगळे. तो म्हणेल, नवमीच्या आत करा. मग मी म्हणणार होतो, तात्यांसाठी म्हणून चौदात देतो.”

ते वाक्य मी खरंच तयार ठेवलं होतं. ते म्हणताना काकींकडे बघायचं, हेसुद्धा ठरवलं होतं.

“आन् त्यो बरं म्हनला.”

“बरं म्हणाला.”

मामांनी पायातली चप्पल झाडली. “घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचं मला भ्या वाटतं,” ते म्हणाले. “फोन करून सांग की रं. बारा म्हणून.”

“सांगतो. कामाला तर लागू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणेन, काम भरभर चाललंय, नवमीच्या आत होईल. आजच सांगितलं तर काल खोटं बोललो असं होईल.”

“काल न्हवं, आत्ताच,” मामा म्हणाले आणि मागं बसले.

*

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच काम धरलं. मामांनी पहिल्या दिवशी अर्थिंगचा एक खड्डा खणून घेतला. मी अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी नाव वाचून विचारलं, “पेटीवाले तात्या का?” आणि कागद गठ्ठ्याच्या वर ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकी मिरजेहून आल्या त्या रिकाम्या हातानं. एरवी तात्यांचे कपडे धुवायला घेऊन यायच्या. आल्या आणि थेट कपाट उघडून लुगडी काढायला लागल्या.

“काय काकी, गावाला का?” मी विचारलं. मी तेव्हा स्टुलावर होतो, तोंडात स्क्रू होते.

“पुण्याला,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी सहाला गाडी येणार आहे, प्राणवायूची सोय असलेली. ह्यांना हलवायचं.”

मी स्क्रू तोंडातून काढले.

“हेमंत म्हणाला, एकवीस दिवस दवाखान्यातच काढायचे तर मिरजेच्या बाकावर तू एकटी कशाला काढतेस? तिथं त्याचं घर जवळ, सूनबाई आहे, डबा येईल. त्याला एवढी रजा मिळत नाही रे. दहा-बारा दिवसांचं असतं तर म्हणे रजा टाकून मी इथंच राहिलो असतो.” त्यांनी एक लुगडं उलगडलं आणि परत घडी घातली. “बरोबर आहे त्याचं. तुम्ही तरी काय करणार? कामाला लागायचे तेवढे दिवस लागणारच.”

मागच्या दारात मामा उभे होते. हाताला कोळशाची काळी. माझ्याकडे बघत होते.

“तात्या काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय म्हणणार. म्हणाले, पेटीला उंदीर लागायचा, वरच्या खोलीत नेऊन ठेव. ठेवली.” काकींनी पिशवीचे बंद ओढले. “आणि म्हणाले, काम झालं की आणा मला. नवमी काय, पुढच्या वर्षी येते.”

काकी शेजारी किल्लीचं सांगायला गेल्या तेव्हा मामा आत आले.

“सांग,” ते म्हणाले.

“सांगतो.”

“आत्ता. तिला न्हवं, त्या पोराला. फोन लाव.”

मी अंगणात जाऊन फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि हेमंतनं उचलला. मागं दवाखान्याचा आवाज होता, कुणीतरी कुणालातरी नाव घेऊन हाक मारत होतं.

“बोला काका.”

माझ्या डोळ्यांसमोर तो खड्डा होता. मामांनी कड सरळ कापली होती, ओळंब्यानं कापावी तशी. मी त्या कडेकडे बघत होतो.

“काही अडचण?” हेमंतनं विचारलं. “दिवस वाढणार आहेत का?”

“नाही, नाही. दिवस वाढणार नाहीत.”

“मग?”

“ते स्विचच्या प्लेटा,” मी म्हणालो. “पांढऱ्या घेऊ की पिवळसर?”

“तुम्हाला बऱ्या वाटतील त्या घ्या, काका,” तो म्हणाला. “मी जरा गडबडीत आहे.”

“चालेल. पांढऱ्या घेतो.”

मी परत आत आलो. मामा तिथंच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला आणि खिडकीशेजारची जागा मोजायला लागले.

याला आता चौदा वर्षं झाली. मी त्या फोनवर का बोललो नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मंजुरी अडकली असती तर? खांबावर काही निघालं असतं तर? गाडी ठरली होती, दवाखान्यात सगळं ठरलं होतं. ती कारणं खोटी नाहीत. पण अंगणात उभा होतो तेव्हा त्यातलं एकही माझ्या मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं. जिभेवर प्लेटा होत्या, त्या निघाल्या.

*

काम असं झालं की आजवर तसं झालं नव्हतं. मामांनी खांबावरून केबल ओढली तेव्हा कुठं अडली नाही. पाडव्याच्या दिवशीही आम्ही कामावर होतो. गल्लीत गुढ्या उभ्या होत्या, खटावकरांच्या दाराला नव्हती. शेजारच्या वहिनींनी आम्हाला श्रीखंडाच्या दोन वाट्या आणून दिल्या. संध्याकाळी देवळात कीर्तन सुरू झालं, वाईचे बुवा आले होते. आम्ही खिडकी उघडी ठेवून काम करत राहिलो. पूर्वरंग झाला, मध्यंतराला बुक्का लावत पोरं फिरली, उत्तररंग सुरू झाला. पेटीवर पलूसचे एक मास्तर होते. बरे होते. फक्त बुवांच्या मागून यायचे.

“तात्या पुढं असायचे,” मामा म्हणाले. मुसलमान माणूस, पण तीस वर्षं गल्लीतल्या वायरी ओढून ओढून त्यालाही कान आला होता.

मंजुरी सहाव्या दिवशी आली. अकराव्या दिवशी वीज कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. बाराव्या दिवशी, चैत्र शुद्ध षष्ठीला, दुपारी चार वाजता मीटर बसलं. मी टेस्ट रिपोर्टवर सही करून तारीख घातली. मामांनी खटका वर केला, तिन्ही फेज एकेक करून फिरवून बघितले. खोलीतला प्रत्येक दिवा लावला, प्लगमध्ये मापकाची टोकं घातली.

“दोनशे तीस,” ते म्हणाले.

आम्ही हत्यारं पिशवीत भरली. फरशीवरचा खडूचा चौकोन आमच्या पायांनी एका बाजूनं पुसट झाला होता. मामा झाडू मारताना त्याच्या कडेकडेनं मारत गेले.

“आता तरी कळव,” ते म्हणाले. “झालं म्हणून.”

“नवमी तीन दिवसांवर आहे मामा. पुण्याहून कुठं आणणार आता त्यांना?”

“गाडीनं नेलं, गाडीनं आणतील.”

“आजारी माणसाला असं इकडून तिकडं...”

मामांनी पिशवी खांद्याला लावली. त्यानंतर त्या कामाबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. नऊ वर्षं आणखी आम्ही बरोबर कामं केली. त्यांनी मला दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखीच तंबाखू दिली. कामाचे दिवस मात्र त्यानंतर गिऱ्हाइकाला मी सांगायचो तेव्हा ते बाहेर जाऊन बसायचे.

नवमीला मी सकाळी दहाला देवळात तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. बुवांचा आवाज त्या दिवशी असा लागला होता की बायका डोळे पुसत होत्या. दशरथाची व्याकुळता, यज्ञ, पायसाचे वाटे. मला शब्द ऐकू येत होते. त्यांच्या पुढं काही होत नव्हतं. जन्मकाळ जवळ आला, पाळण्याची दोरी सुवासिनींच्या हातात गेली. जन्माच्या कीर्तनातून मी आयुष्यात कधी उठलो नव्हतो. त्या दिवशी उठलो, बोळ ओलांडला, शेजारून किल्ली घेतली आणि खटावकरांचं कुलूप काढलं.

पुढच्या खोलीत गार होतं. मी उभा राहिलो. देवळातला शब्द न् शब्द तिथं येत होता. देवळात बसल्यावर गर्दीत जो विरतो तो तबल्याचा हलका बोलसुद्धा इथं खिडकीतून सरळ आत येत होता. बारा वाजले. शंख झाला, झांजा झाल्या, फुलं उधळल्याचा गलका झाला. पाळण्याचं पद सुरू झालं, सगळ्या बायकांनी एका आवाजात धरलं.

मी खिशातून मापक काढलं आणि उशाच्या प्लगमध्ये टोकं घातली. एक फेज दोनशे बत्तीस. दुसरा दोनशे अठ्ठावीस. तिसरा दोनशे तीस. वहीत लिहिलं. मग कुलूप लावून देवळात आलो, रांगेत उभा राहून सुंठवडा घेतला, तोंडात टाकला. मला वाटलं सुंठ घालायला विसरले असावेत. शेजारचा माणूस म्हणाला, “यंदा सुंठ जरा जहाल आहे नाही?”

तात्या त्यानंतर तिसऱ्या दिवशी पुण्यात गेले.

*

तेराव्यानंतर काकी आणि हेमंत घरी आले. मी कागद घेऊन गेलो. काकींनी मला आत बोलावलं, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही की रडल्या नाहीत. त्या पुढच्या खोलीत फिरत होत्या आणि एकेक बटण लावून बघत होत्या.

“केवढा उजेड पडलाय रे,” त्या म्हणाल्या. “ह्यांनी बघितला असता तर म्हणाले असते, आता सुई ओवायला चष्मा नको.” मग हेमंतकडे वळल्या. “शेजारच्या वहिनी सांगत होत्या, नवमीच्या आधीच सगळं उरकून गेले हे दोघं. बघ. म्हणाला होता त्याच्या किती आधी करून दिलं! पाडवासुद्धा केला नाही त्यांनी. माणूस असावा तर असा.”

“चहा कर आई,” हेमंत म्हणाला.

काकी आत गेल्या. हेमंत खुर्चीवर बसून कागद चाळत होता. केबलची पावती, मीटरची पावती. टेस्ट रिपोर्टवर थांबला. त्यावर खाली माझी सही होती आणि सहीखाली तारीख होती. तो ती तारीख बराच वेळ वाचत होता. तारीख वाचायला एवढा वेळ लागत नाही.

“काका, मीटर दाखवा जरा,” तो म्हणाला आणि उठून बाहेर आला.

मी मीटरच्या पेटीचं दार उघडलं. त्यानं आत बघितलं नाही.

“बारा दिवसांत झालं,” तो म्हणाला.

“हो.”

“मधे काही सोपं झालं, म्हणून? की आधीच माहीत होतं?”

बोळातून एक सायकलवाला गेला. तो जाईपर्यंत आम्ही थांबलो.

“आधीच माहीत होतं,” मी म्हणालो.

“मग एकवीस?”

“तुम्ही कमी करून मागाल असं वाटलं.”

“मागितले असते तर?”

“चौदा म्हणालो असतो.”

त्यानं मान हलवली. खर्चाचा आकडा ऐकून हलवली होती तशीच.

“आमच्या कारखान्यात तारीख घासत नाहीत,” तो म्हणाला. “समोरच्यानं सांगितली की लिहून घ्यायची. घासली तर माणूस खोटी देतो.”

मी पेटीचं दार धरून उभा होतो.

“षष्ठीच्या दिवशी बाबा जरा बरे होते,” तो म्हणाला. “संध्याकाळी त्यांनी मला मास्क बाजूला करायला लावला. विचारलं, अनंताचं काम कुठवर आलं? मी म्हटलं, अजून नऊ दिवस आहेत. तर हसले. म्हणाले, खुळा आहेस. कारागिराचा दिवस कधी खरा नसतो. मी जन्मभर उद्या सांगून परवा दिलं, तो परवा सांगून उद्या देत असेल. त्याला फोन लाव.”

षष्ठीच्या संध्याकाळी मी आणि मामा त्याच दारातून हत्यारं घेऊन बाहेर पडलो होतो.

“लावला नाही मी,” हेमंत म्हणाला. “नंबर काढला होता. मग म्हटलं, एकवीस म्हणजे एकवीस म्हणालेत ते. उगाच बाबांना आशा लागायची.”

“मीही लावला नाही,” मी म्हणालो.

“अरे, बाहेर उन्हात काय उभे राहिलाय दोघं?” काकींची आतून हाक आली. “चहा निवतोय. आणि आत पंखा लावलाय मी, छान वारा लागतोय.”

“आलो आई,” हेमंत म्हणाला.

त्यानं पेटीचं दार लोटलं. कडी नवी होती, घट्ट बसत होती. पहिल्यांदा लागली नाही. त्यानं दार पुन्हा उघडलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मी कडी सरकवली.